पेट्रोलचा वास येतोय? दुर्लक्ष करू नका

मे महिन्यात भिलाईचा पारा सहज ४४-४५ अंशांवर जातो. सेक्टरमधल्या क्वार्टरपुढे किंवा कारखान्याच्या स्टँडवर आठ तासांची पाळी संपेपर्यंत उन्हात उभी राहिलेली गाडी दुपारी तव्यासारखी तापलेली असते. अशा वेळी गाडीजवळ जाताच पेट्रोलचा वास आला, तर बहुतेक घरांत ठरलेली उत्तरे मिळतात. ‘उन्हाळा आहे, वास येणारच.’ ‘पंपावर थोडे सांडले असेल.’ मग आरशाजवळ एक सुगंधी बाटली टांगली जाते आणि विषय संपतो.

खरे तर विषय येथे सुरू व्हायला हवा. पेट्रोलवर चालणारी आजची कार उन्हात उभी असतानाही पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये, अशीच बनवलेली असते. पंपावरून आल्यावर थोडा वेळ वास येणे वेगळे. पण रोज वास येत असेल, तर वाफ अडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेत कुठेतरी बिघाड झाला आहे, हे नक्की समजावे. हा बिघाड बहुधा लहान असतो, पण तो ओळखण्याचा क्रम चुकला की खर्च मोठा होतो.

टाकीसुद्धा श्वास घेते

पेट्रोल हे अतिशय उडणारे द्रव आहे. दिवसा टाकी तापली की आतली वाफ फुगते आणि बाहेर पडू पाहते. रात्री टाकी थंड झाली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. जणू टाकी दिवसा श्वास सोडते आणि रात्री घेते. जुन्या गाड्यांत हा सोडलेला श्वास थेट हवेत जात असे.

आताच्या गाडीत टाकीतून एक नळी निघते आणि सक्रिय कार्बनने, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या दाण्यांनी, भरलेल्या एका डब्यात जाते. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी उभी असताना टाकीतली वाफ या कोळशाला चिकटून राहते. गाडी सुरू होऊन इंजिन गरम झाले की एक विजेवर चालणारी छोटी झडप उघडते. तिचे नाव पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन स्वतःच्या ओढीने ती वाफ खेचून घेते आणि जाळते. कोळसा पुन्हा रिकामा होतो. कॅनिस्टरला ताजी हवा घेण्यासाठीही एक तोंड असते. ते उघडे नसेल, तर सारी व्यवस्थाच गुदमरते.

वाया जाणारी वाफ पकडून तिला कामाला लावण्याची कल्पना भिलाईकरांना नवी नाही. पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या वायूतून डांबर, बेंझॉल आणि अमोनियम सल्फेट वेगळे काढले जाते. गाडीतला कोळशाचा डबा हेच काम अगदी लहान प्रमाणावर करतो.

या व्यवस्थेची गरज प्रथम अमेरिकेत भासली. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचे कोडे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडले. पेट्रोलची वाफ आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की हे धुरके तयार होते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर १९७० च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून संपूर्ण अमेरिकेत वाफ अडवण्याची व्यवस्था गाड्यांत आली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ नियम लागू झाले. त्यानुसार बंद कक्षात होणाऱ्या चाचणीत पेट्रोल कारमधून २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निघता कामा नये. २ ग्रॅम पेट्रोल म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा. दुचाकींसाठी ही मर्यादा दीड ग्रॅम आहे. म्हणूनच आताच्या स्कूटरमध्येही असा एक लहान डबा असतो.

पीयूसी आहे, मग काळजी कसली?

अनेक वाहनमालकांचा समज असा की पीयूसी प्रमाणपत्र आहे, दिवा लागलेला नाही, म्हणजे सर्व ठीक आहे. हा समज चुकीचा आहे.

पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. टाकीच्या झाकणातून किंवा फाटक्या नळीतून निसटणारी वाफ त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पीयूसीत उत्तम गुणांनी पास झालेली गाडीही रात्रंदिवस वाफ सोडत असू शकते.

डॅशबोर्डवरच्या ‘चेक इंजिन’ दिव्याचेही तसेच आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांचा संगणक वाफेच्या मार्गातील गळती स्वतः शोधतो. तेथील पुढच्या नियमांनुसार तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही त्याला ओळखावी लागते. भारताचे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. त्यांत पर्ज व्हॉल्व्हची विजेची जोडणी शाबूत आहे की नाही, यावर संगणकाने लक्ष ठेवणे पुरेसे मानले जाते. त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत वायर तुटली तर दिवा लागेल, पण नळी फाटली तर लागेलच असे नाही.

थोडक्यात, येथे सर्वांत भरवशाचे यंत्र आपले नाकच आहे. ते काय सांगते, हे समजून घेतले पाहिजे.

वास केव्हा आणि कुठे?

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चार-पाच दिवस थोडे निरीक्षण करावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टरकडे जाताना आपण ताप केव्हा चढतो, किती राहतो ते सांगतो, तसेच हे आहे. मात्र गाडीखाली ओल दिसली, थेंब पडताना दिसले किंवा इंजिन चालू असताना बॉनेटमधून उग्र वास आला, तर निरीक्षण करीत बसू नये. ती वाफेची नव्हे, प्रत्यक्ष पेट्रोलची गळती असू शकते. गाडी लगेच बंद करावी आणि मिस्त्रीला घरी बोलवावे.

वास टाकीच्या झाकणाजवळ सर्वांत जास्त असेल, तर आधी झाकण पाहावे. त्याचे रबरी वॉशर चिरले आहे का, कडक झाले आहे का, त्यावर धूळ बसली आहे का? भिलाईत धुळीची कमतरता नाही. कोरड्या फडक्याने वॉशर आणि टाकीचे तोंड पुसून घ्यावे आणि झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवावे. झाकण हरवल्यावर दुसऱ्याच गाडीचे घट्ट बसवलेले असेल, तर ते बदलावे. झाकणात दाब सांभाळण्याची योजना असते, त्यामुळे नुसते घट्ट बसणे पुरेसे नाही.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, सुरू झाल्यावर अडखळत असेल आणि एरवी ठीक चालत असेल, तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर घ्यावा. ही झडप उघडी राहून अडकली की टाकीतली वाफ नको त्या वेळी इंजिनात शिरते. पेट्रोल भरताना वाफ सर्वांत जास्त उठते, म्हणून त्रासही तेव्हाच होतो.

पंपावर पेट्रोल भरताना नळ पुनःपुन्हा ‘टक्’ करून बंद पडतो का? टाकी अर्धी रिकामी असताना असे होत असेल, तर आतली हवा बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला असावा. कॅनिस्टर किंवा त्याचे हवेचे तोंड तपासून घ्यावे.

झाकण उघडताना थोडासा ‘फुस्स’ आवाज उन्हाळ्यात नेहमीचाच आहे. पण हवा जोरात आत ओढली जात असेल, गाडी अर्धा तास चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडून लावल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीला श्वास घेता येत नाही, असे समजावे.

वास गाडीच्या आत, मागच्या सीटवर बसणाऱ्यांना जास्त येतो का? अनेक लहान गाड्यांत पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असलेल्या टाकीत असतो. पंपाचे काम झाल्यानंतर त्यावरचे रबरी सील नीट बसले नाही, की वाफ सरळ मुलांच्या नाकाशी येते. अशा वेळी विलंब करू नये.

जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात कोळशाचा डबा नसतोच. तेथे वास बहुधा कार्बोरेटर ओसंडल्याने किंवा पेट्रोलचा कॉक गळत असल्याने येतो.

कोड म्हणजे तापमापक

दिवा लागला असेल, तर गॅरेजमध्ये यंत्र लावून कोड वाचला जातो. ‘पी ०४४३’ हा पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीतील दोष दाखवतो. ‘पी ०४४१’ वाफेचा प्रवाह बरोबर नसल्याचे सांगतो. परदेशातून आलेल्या किंवा गळती ओळखणाऱ्या गाड्यांत ‘पी ०४४२’ लहान गळतीसाठी आणि ‘पी ०४५५’ मोठ्या गळतीसाठी दिसतो.

येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. कोड दिसला की त्या नावाचा पार्ट बदलला जातो. पण कोड हा तापमापकासारखा आहे. ताप आहे एवढेच तो सांगतो. मलेरिया की टायफॉइड, हे तपासावेच लागते. ‘पी ०४४३’ मागे व्हॉल्व्ह निर्दोष आणि उंदराने कुरतडलेली वायर दोषी, असेही घडते. कोड पुसून दिवा विझवणे म्हणजे तर तापमापक झटकून ताप गेला म्हणण्यासारखे आहे.

चांगला मिस्त्री स्वस्तापासून महागाकडे जातो. आधी झाकण. मग टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या, विशेषतः वळणाच्या आणि क्लिपच्या जागी. उष्णतेने रबर तडकते आणि पावसाळ्यात आडोसा शोधणारे उंदीर उरलेले काम करतात. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्याने जुन्या गाड्यांच्या नळ्यांकडे अधिक लक्ष देणेही आवश्यक झाले आहे.

त्यानंतर पर्ज व्हॉल्व्ह. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंद असला पाहिजे. काढून हातपंपाने हवा ओढली, तर ती आरपार जाता कामा नये. १२ व्होल्टची वीज देताच ‘टिक्’ आवाज होऊन तो उघडला पाहिजे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ग्राहकासमोर करता येते.

मग कॅनिस्टर. तो हलवल्यावर आत दाणे खुळखुळत असतील किंवा उलटा केल्यावर पेट्रोल टपकत असेल, तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. डब्यातून निसटलेले कोळशाचे कण पुढे जाऊन नव्या व्हॉल्व्हलाही अडकवतात. म्हणून व्हॉल्व्हमध्ये काळी पूड दिसली, तर नळ्या साफ करून डबाही तपासून घ्यावा, नाहीतर महिन्याभरात तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

एवढे करूनही गळती सापडली नाही, तर मोठ्या गॅरेजमध्ये धुराची चाचणी होते. वाफेच्या मार्गात अगदी कमी दाबाने पांढरा धूर सोडतात आणि जेथून धुराची रेघ निघेल तेथे दोष. यासाठी साधारण अर्धा पीएसआय दाब पुरतो. टायरमध्ये आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो, म्हणजे हा दाब टायरच्या साठाव्या हिश्शाइतका. कोणी टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडून गळती शोधू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. त्याने चांगल्या नळ्या आणि सीलही फाटू शकतात, शिवाय पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणे धोक्याचे आहे.

दुर्ग-भिलाईच्या गॅरेजमध्ये एक वाक्य नेहमी उपयोगी पडते, ‘भैया, पार्ट बदलने से पहले चेक करके दिखाइए।’ ज्याला काम येते तो मिस्त्री या वाक्याने रागावत नाही, उलट उत्साहाने दाखवतो.

कोळ्याने थांबवलेल्या गाड्या

कधी कधी दोषी भलताच निघतो. अमेरिकेत माझदा कंपनीला २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये ‘माझदा-६’ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी ही संख्या सुमारे ४२ हजार होती. कारण होते एक पिवळा कोळी. पेट्रोलच्या वासाकडे ओढला जाणारा हा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळे विणत असे. नळी तुंबली की टाकीत ओढ निर्माण होऊन टाकीला तडा जाण्याचा आणि पेट्रोल गळण्याचा धोका होता.

आपल्याकडेही बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या अशा तोंडात मातीचे घर करणारी माशी किंवा साचलेला चिखल असू शकतो. सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आल्यावर गाडी तपासून घेताना हे तोंडही पाहायला सांगावे.

‘राउंड फिगर’चा मोह

कॅनिस्टर खराब होण्याचे एक मोठे कारण मात्र आपल्याच हातात असते. भिलाईहून नागपूरला लग्नाला निघायचे, अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, म्हणून आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून घेतली जाते. नळ आपोआप बंद पडतो, तरी पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर’साठी आणखी दोन-तीन वेळा दाबतो.

टाकीत वरची थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. ती वाफेसाठी असते. ती भरली की पेट्रोल नळीतून थेट कोळशाच्या डब्यात जाऊ शकते. वाफ शोषण्यासाठी केलेला कोळसा द्रव पेट्रोलने भिजला, की निकामी होतो. शंभर रुपयांचे पेट्रोल जास्त भरण्यापायी काही हजारांचा डबा जातो.

दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो की टाकी पूर्ण भरली तर स्फोट होईल, अर्धीच भरा. कंपनीच्या नावाने फिरणाऱ्या या संदेशाचे इंडियन ऑइलने २०२२ साली खंडन केले होते. गाडीच्या निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरणे उन्हाळ्यातही सुरक्षित आहे. नियम सोपा आहे. पहिल्या ‘टक्’ला थांबायचे. त्याच्या अलीकडे भीती नको, पलीकडे मोह नको.

घरात उभी केलेली गाडी

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू घराच्या आत आहे. चोरीच्या भीतीने अनेक कुटुंबे रात्री स्कूटर व्हरांड्यात किंवा थेट बैठकीच्या खोलीत उभी करतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते आणि खालच्या बाजूने पसरते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. देवघरातले निरांजन, गॅसची शेगडी, इन्व्हर्टरची ठिणगी, काहीही.

शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. भारतीय मानकानुसार त्याचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, पण बेंझीन हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. जमिनीवर गादी टाकून झोपणारी मुले आणि वृद्ध याच हवेत रात्रभर श्वास घेतात.

वायूची गळती म्हणजे काय, हे भिलाईला वेगळे सांगायला नको. १२ जून २०१४ रोजी पोलाद कारखान्यात झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा बळी गेला. तो वायू कार्बन मोनॉक्साइड होता, ज्याला वास नसतो. पेट्रोलची वाफ निदान आपल्या वासाने आगाऊ सूचना देते. ती सूचना सुगंधी बाटलीने झाकणे हा शहाणपणा नव्हे.

म्हणून वास येणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत उघड्यावर, सावलीत उभी करावी. ती पाहताना काडी किंवा लायटर पेटवू नये, बॅटरीचा उजेड वापरावा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. आणि दुरुस्तीनंतर गाडी एक पूर्ण दुपार उन्हात ठेवून पुन्हा वास घेऊन पाहावा. भिलाईच्या उन्हात जी गाडी वास सोडत नाही, तिची दुरुस्ती खरोखर झाली असे खुशाल मानावे.